शाळा बंद, फोन बाबांकडे: कॉलेजवाल्यांनी गावातल्या पोरांचा अभ्यास कसा घ्यायचा

२०२० च्या मार्चमध्ये हॉस्टेल रिकामं करा म्हणाले आणि मी पंधरा दिवसांचे कपडे घेऊन गावी आले ती दीड वर्ष तिथंच. माझी लेक्चरं ऑनलाइन, तीही पाण्याच्या टाकीपाशी गेलं तर. इकडं झेडपीच्या शाळेतली पोरं दिवसभर मोकाट, म्हणून आम्ही चारपाच कॉलेजवाल्यांनी त्यांचा अभ्यास घ्यायचं ठरवलं आणि पहिला महिना पार वाया घालवला. शाळा काय परत कधीही बंद पडू शकतात, साथच लागते असं नाही, पुरात पण पडतात, म्हणून लिहून ठेवतेय.

आमची पहिली चूक म्हणजे झूम. ग्रुपवर लिंक टाकली, सकाळी ११ ची, अकरा पोरांतली दोन आली. आम्हाला वाटलं पोरांना इंटरेस्ट नाही. इंटरेस्ट कुठला, घरात स्मार्टफोन एकच आणि तो बाबांच्या खिशात, बाबा आठ वाजताच रानात! २०२० च्या 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या पोरांच्या साधारण ६२ टक्के घरांत स्मार्टफोन निघाला होता, म्हणजे दहातल्या जवळपास चार घरांत नव्हताच, आणि जिथं होता तिथं तो पोराच्या वाट्याला किती यायचा ते आम्ही बघितलंय. त्यामुळं वेळापत्रक वगैरे करायच्या आधी प्रत्येक घरी फोन करून विचारा की फोन कुणाचा, घरी कधी येतो, नेटपॅक आहे का नुसता कॉलिंगचा, आणि त्याच फोनवर अजून किती भावंडं टपून आहेत. आमची वेळ शेवटी संध्याकाळी साडेसात ते नऊ ठरली. आपल्या सोयीची नव्हती, पण फोनच्या सोयीची होती.

दुसरं, व्हिडिओचा नाद सोडा. साधा कॉल लावा, एका वेळी एकच पोर, वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. अकरा जणांना एकटीनं धरायला जाऊ नका, एका कॉलेजवाल्याला दोन किंवा तीन पोरं बास झाली. आणि कॉल आपण लावायचा, त्यांनी फक्त मिस्ड कॉल द्यायचा.

मग वीस मिनिटांत करायचं काय? समजावून सांगत बसू नका, पोराला बोलायला लावा. माझ्याकडं चौथीतला एक जण होता, ५२ वजा २७ किती विचारलं की ठसक्यात सांगायचा ३५. मी तीन दिवस त्याला हातचा समजावला, तो हो ताई हो ताई करत राहिला आणि चौथ्या दिवशी परत ३५. शेवटी म्हटलं, तू कसं केलंस ते मला बोलून दाखव. तर म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत ना ताई, म्हणून सातातून दोन काढले." म्हणजे गडी लहान आकडा मोठ्यातून काढत होता, वर कोणता खाली कोणता याचं त्याला काही नाही, आणि मी तीन दिवस भलतंच शिकवत होते. मग त्याला काड्यापेट्या घ्यायला लावल्या, दहा दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आता यातून सत्तावीस मला दे. दोन गठ्ठे बाजूला ठेवले, सात सुट्या काही निघेनात, जरा वेळ गप्प, आणि मग फोनवर रबर सोडल्याचा आवाज आला. गठ्ठा त्यानं स्वतःच सोडला होता. काकू मागून ओरडल्या, काड्या चुलीला ठेव म्हणून, ते वेगळं.

वाचनाला मात्र व्हॉइस नोट भारी. धड्यातला एक परिच्छेद वाचून पाठवायचा, रात्री कधीही, फोन मिळेल तेव्हा. आपण ऐकून एकच चूक सांगायची, सगळ्या सांगितल्या की दुसऱ्या दिवशी नोट येत नाही. पुस्तक नसेल तर बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते, पण अख्खी फाइल फॉरवर्ड करून त्यांचा दिवसाचा डेटा संपवू नका, लागेल त्या पानाचा स्क्रीनशॉट टाका. २०२० च्या जुलैपासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, त्याला नेट लागत नव्हतं, टीव्ही असलेल्या घरात आम्ही तो बघायला लावून संध्याकाळी त्यावरच प्रश्न विचारायचो.

आधी शाळेतल्या सरांशी किंवा बाईंशी बोला हे वर यायला पाहिजे होतं. त्या वर्षी अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता आणि आम्ही काही वगळलेले धडेच शिकवत बसलो होतो. कित्येक शिक्षकांना कोविड सर्व्हेची ड्युटी होती, तरी सरांना रविवारी फोन केला तर नीट सांगायचे.

कॉल स्पीकरवर आणि आई किंवा आजी जवळ असताना, याला अपवाद नाही, मोठ्या मुलींच्या बाबतीत तर नाहीच. पोरांचे फोटो स्टेटसला नकोत. "ताई एवढा स्वाध्याय सोडवून पाठवा" असा काकूंचा मेसेज येणार, त्यांना सांगायचं की पाठवते, पण पोराला फोनवर घेऊन, दोघं मिळून सोडवतो. आणि आपली परीक्षा असेल तर दोन आठवडे आधी सांगून ठेवा, जोडीदाराला पोरं सोपवा, न सांगता गायब होऊ नका. मी एकदा झाले, तर एक पोरगी आठ दिवस रोज साडेसातला फोन धरून बसायची म्हणे.

४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले तेव्हा आम्ही प्रत्येक पोरामागं वहीचं एक पान सरांना दिलं, काय येतं आणि कुठं अडतं एवढंच. माझ्या त्या पठ्ठ्याच्या पानावर लिहिलं होतं: वजाबाकी जमते, मधे शून्य आलं की (४०२ वजा १५७) अडतो, काड्या द्या.