बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला या चुका टाळा

दरवर्षी तेच. परीक्षेच्या आदल्या दिवशी जर्नल पूर्ण करायला झेरॉक्सच्या दुकानात गर्दी, आणि सकाळी मायक्रोस्कोपपुढं उभं राहिलं की "सर, काहीच दिसत नाही". दिसणार कसं ओ?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते कांद्याच्या मुळाच्या मायटोसिसला, म्हणजे पेशी विभागताना दाखवायच्या प्रयोगाला. सोलापुरात राहून कांदा मिळाला नाही असं तर कुणी म्हणू शकत नाही, पण पोरं तो कांदा ग्लासवर ठेवतात खिडकीत, मार्चच्या उन्हात, मग पाणी तापतं आणि मुळं सडून बुळबुळीत होतात. एकदा परीक्षेत एका पोरानं चांगली लांब मुळं आणली, ऐटीत टोक कापून टाकलं आणि मधला तुकडा स्लाइडवर घेतला, का तर टोक पिवळट, खराब वाटलं म्हणे! अरे, पेशी विभागतात त्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच, वर नुसत्या लांबोळक्या पेशी. जर्नलमध्ये मात्र मेटाफेज, म्हणजे विभाजनाची मधली पायरी, इतकी सुबक की गाइडवरून छापल्यासारखी. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, म्हणाले, "हे कुठं दिसतंय, दाखव बघू." पोरगं स्लाइड इकडून तिकडं सरकवतंय आणि टोक पडलंय डस्टबिनमध्ये.

माझी पद्धत अशी: जुना कांदा घ्यायचा, बुडाची वाळकी मुळं ब्लेडनं खरवडायची, फक्त बूड पाण्याला टेकवायचं, सावलीत ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. मुळं सकाळी कापून लगेच तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक ॲसिडमध्ये. नंतर 1 नॉर्मल एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये) गरम करायची स्टेप वेळ नाही म्हणून गाळली की पेशी सुट्या होत नाहीत, मग अंगठ्यानं कितीही दाबा, कव्हरस्लिपच फुटते. आणि स्लाइड जमली तरी बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे न विभागणाऱ्या अवस्थेतच असणार, दोन मिनिटांत कंटाळू नका, फील्ड सरकवत राहा. कांद्याच्या पेशीतले 16 क्रोमोझोम (गुणसूत्रं) नीट मोजून दाखवले तर चहा माझ्याकडून.

बॅक्टेरिया रंगवून ओळखायच्या ग्रॅम स्टेनिंगला अल्कोहोल ओतून मोबाइल बघत बसू नका, वाहणाऱ्या थेंबात जांभळा रंग यायचा थांबला की लगेच पाणी. नाहीतर जांभळेच राहायला हवेत ते ग्रॅम पॉझिटिव्ह बॅक्टेरिया पण गुलाबी दिसतात आणि मग दोष सॅफ्रानिनच्या, म्हणजे गुलाबी रंगाच्या बाटलीला. कल्चर, म्हणजे वाढवलेले बॅक्टेरिया, पण ताजं घ्या, एका दिवसाच्या आतबाहेरचं. आठवडाभराचं शिळं कल्चर चालेल का असं विचारणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

मायक्रोस्कोप 45 एक्सच्या लेन्सवर असताना मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. स्लाइडवर तेल फक्त 100 एक्सच्या लेन्सला.

शास्त्रीय नावात पहिला शब्द कॅपिटलनं, दुसरा स्मॉलनं, आणि दोन्हीखाली वेगवेगळी रेघ.

आणि डाळिंबावरचा तेल्या हा बुरशीचा रोग नाही, झँथोमोनास बॅक्टेरियाचा आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथं सोलापुरात केगावला आहे, निम्म्या वर्गाच्या घरी बागा आहेत, तरी व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) उत्तर काय येतं? "फंगस, सर."