मोटरला सेन्सर चिकटवण्याआधी

थरथर ओळखणारा (व्हायब्रेशन) सेन्सर मागवायच्या आधी घरात एक फेरी मारा आणि कुठली वस्तू थरथरली की तुम्हाला काय कळायला हवं, ते कागदावर लिहा. वाक्य पुरं लिहा. नुसतं ‘वॉशिंग मशीन’ लिहून भागत नाही. ‘मशीन थांबलं की कपडे वाळत घालायची आठवण हवी’ असं लिहा. ‘मोटर’ नको, ‘मोटर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालली तर मोबाइल वाजावा’ असं हवं. माझ्या पहिल्या यादीत नऊ वस्तू होत्या, वाक्यं पुरी करता करता तीन उरल्या. या चिमुकल्या डबीला एवढंच कळतं, की आपण ज्याला चिकटलोय ते हललं. कुणी हलवलं, कशाने हललं, ते ठरवायचं काम तुमचं.

मग काटछाट करा. ज्या वस्तूला प्लग आहे तिथे वीज मोजणारा स्मार्ट प्लग जास्त भरवशाचा. वॉशिंग मशीन, घरघंटी यांना सोळा अँपिअरचा घ्या आणि सेन्सर विसरा. दार उघडलं की नाही एवढंच हवं असेल तर चुंबकवाला दाराचा सेन्सर पुरतो. बोअरवेलची सबमर्सिबल मोटर जमिनीत खोल बसलेली असते, तिची थरथर वर फारशी पोचतच नाही. आणि भूकंप! कोयनेच्या बाजूचे आमचे पाहुणे हे हमखास विचारतात. मशीनला चिकटवलेला सेन्सर तुम्हाला भूकंप झाल्याचं कळवेल, पण तोवर तुम्ही जिन्यात पोचलेले असाल. उरतं काय, तर स्टार्टरला थेट वायर जोडलेली पाण्याची मोटर, घर बंद करून गावाला जाताना खिडकीचं ग्रिल, आणि ज्यांच्याकडे असेल त्यांचं पत्र्याचं कपाट.

मोटरसाठी सेन्सर येण्याआधी आठ दिवस वही ठेवा. कॉर्पोरेशनचं पाणी संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, किती वाजता आलं, मोटर कधी लावली, वरची टाकी भरायला किती मिनिटं लागली. उन्हाळ्यात संपातली पातळी खाली गेली की पाणी जास्त उंच ओढावं लागतं आणि वेळ वाढतो, म्हणून सगळ्यात लांबलेला दिवस धरा आणि वर दहा मिनिटं सोडा. हाच तुमचा इशाऱ्याचा आकडा. ‘मोटर कोरडी चालली तर थरथर बदलेल, ती ओळखू’ असं यूट्यूब बघून वाटतं. घरगुती सेन्सरवर त्या भरवशावर राहू नका. कोरड्या पंपात सीलला गारवा आणि वंगण द्यायला पाणीच नसतं, त्यामुळे सील लवकर जळतं. त्यासाठी संपातल्या पातळीचा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच लावा, तोही इलेक्ट्रिशियनकडून. सेन्सरने फक्त सांगावं, मोटर बंद करण्याचं काम त्याला देऊ नये.

मोटर सोसायटीची असेल तर आधी सेक्रेटरींना विचारा आणि वॉचमनदादांना दाखवून ठेवा. नाहीतर ‘हे काय चिकटवलंय’ म्हणत ते उपटून ठेवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

ज्यांना स्वतः सर्किट जोडायचं आहे त्यांनी थोडं गणित करावं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. दोन पोलची घरगुती मोटर मिनिटाला साधारण २,८०० ते २,९०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८. एवढी कंपनं नीट दिसायला सेकंदाला निदान शंभरावर वाचनं हवीत, मी चारशे घेतो. एडीएक्सएल३४५ हे त्वरणमापक, म्हणजे हालचाल मोजणारी चिप, त्याला पुरून उरतं. एसडब्ल्यू-४२० नावाचा स्वस्त स्विच मात्र धक्का बसला की नाही एवढंच सांगतो. सेन्सरची वाचनं पाठवणारा ईएसपी३२ हा छोटा बोर्ड वायफायवर बोलताना क्षणभर दोनशे मिलिअँपिअरच्या वर वीज ओढतो. नाण्याएवढा सीआर२०३२ सेल तिथे मान टाकतो, म्हणून पंपाच्या खोलीत अडॅप्टरच लावा.

तयार सेन्सर घेणाऱ्यांनी रेडिओचं बघावं. बहुतेक तयार सेन्सर झिग्बीवर, म्हणजे स्मार्ट वस्तूंच्या कमी वीज खाणाऱ्या वायरलेस पद्धतीवर, बोलतात, तेही २.४ गिगाहर्ट्झवर, आणि वायफायची जुनी गर्दीही तिथेच. राउटर १ नंबरच्या चॅनेलवर असेल तर झिग्बी २० किंवा २५ वर ठेवा, आणि हे पहिला सेन्सर जोडायच्या आधी ठरवा. नंतर बदलल्यावर एकेक पुन्हा जोडत बसावं लागू शकतं. सेन्सरचे निरोप घेणारा झिग्बीचा डोंगल कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खुपसू नका. त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात येतो, मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन केबल मध्ये घातली की निम्मे रडगाणे बंद.

दुसऱ्या मजल्यावरचं घर आणि तळमजल्यावरची पंपाची खोली यांच्यात दोन स्लॅब असतात. मध्ये निरोप पुढे पोचवणारा टप्पा लागतो, आणि हा टप्पा सेलवर चालणारी वस्तू देत नाही, विजेवर चालणारा झिग्बी प्लगच देतो. इथे आपल्या घरांची खास अडचण येते: आपल्या प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि ‘उगाच चालू कशाला’ म्हणून ते बंद करणारा हात प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो आईचा. चार दिवस मी सेन्सर खराब म्हणून शिव्या घातल्या, आणि जिन्याजवळचा प्लग रोज रात्री दहाला झोपत होता. आता बटणावर चिकटपट्टी आहे, त्यावर आईच्याच अक्षरात ‘बंद करू नये’. सेन्सर जोडताना तो जिथे बसणार तिथेच नेऊन जोडा, म्हणजे तो जवळचा टप्पा पकडतो.

चिकटवण्याची तयारी म्हणजे स्पिरिट, सुती फडकं, चांगली दुहेरी टेप आणि धीर. पत्रा पुसा, वाळू द्या, दाबून धरा. मोटरच्या पंख्यावरच्या झाकणावर नको, ते स्वतःच खडखडतं. तापणाऱ्या अंगावरही नको. पायाजवळचं घट्ट लोखंड उत्तम. मग शेजारची मोटर लावून बघा. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं पाणी वर चढवणाऱ्या दोन मोटरी एकाच चौथऱ्यावर आहेत. एक चालली की दुसरीचा सेन्सर ‘मीच चाललो’ म्हणायचा. संवेदनशीलता सगळ्यात खाली आणली तेव्हा गप्प झाला.

नियम लिहिताना घाई नको. काही तयार सेन्सर एकदा कळवलं की सेल वाचवण्यासाठी मिनिटभर गप्प बसतात, त्यामुळे ‘थांबलं’ हे तीन मिनिटं शांतता असल्याशिवाय मानू नका. प्लग न बसणाऱ्या जागी वॉशिंग मशीनला सेन्सर लावलाच, तर दहा मिनिटं धरा, कारण कपडे भिजत ठेवताना मशीनही स्वस्थ असतं. पहिला आठवडा कुठलाही भोंगा जोडू नका, फक्त नोंदी होऊ द्या आणि वहीशी ताडून बघा.

सेलच्या मागे मार्करने बसवल्याची तारीख घाला, एक जादा आणून ठेवा. रोज थरथरणाऱ्या जागी तो खोक्यावर लिहिलेल्या मुदतीइतका टिकत नाही. जादा सेल लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. गिळलेला नाणे-सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो, तेव्हा वाट न बघता थेट दवाखाना.

वीज गेली तर मोटरही थांबते, तिथे काळजी नाही. ग्रिलचं तसं नाही. घर बंद असताना हब (सेन्सरचे निरोप घेणारी पेटी किंवा डोंगलवाला कॉम्प्युटर) आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. आणि मोबाइल वाजल्यावर घरी जाऊन बघणारं माणूस हवं. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली असेल तर त्यांना अ‍ॅप नको, फोन करा.

अनंत चतुर्दशीला आमच्या गल्लीतून ढोल-ताशा पथकं जातात तेव्हा ग्रिलचा सेन्सर मिनिटामिनिटाला ओरडतो, म्हणून दुपारपासून त्याचा इशारा मी बंद ठेवतो. मोटरचा मात्र चालूच असतो. सगळी इमारत मिरवणूक बघायला खाली उतरलेली असते, आणि मोटर लावून विसरण्याचा दिवस वर्षात तोच.