चिपचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकत्र तपासताना या चुका टाळा

फर्मवेअर (चिपवर चालणारा कोड) क्यूईएमयूवर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नीट चालतं, आरटीएलच्या (हार्डवेअरची रचना लिहिलेल्या कोडच्या) सगळ्या टेस्ट पास होतात, आणि दोन्ही एकत्र आणले की बूटच होत नाही. असं झालं की दोन्ही टीम एकमेकींकडे बोट दाखवतात. दोष मात्र बहुतेकदा दोघींच्या मधल्या जागेत असतो, आणि वापरात असलेल्या टूलनेच तो झाकलेला असतो. वेग मिळवण्यासाठी प्रत्येक टूल काहीतरी गाळतं. क्यूईएमयू कॅशे आणि क्लॉक सायकल गाळतं, तर आरटीएलचं सिम्युलेशन करणारं व्हेरिलेटर 'एक्स' (0 की 1 हे अनिश्चित) हे मूल्य गाळतं. आपल्या टूलने काय गाळलंय हे आधी लिहून ठेवा. त्या यादीतली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी टूलवर तपासली गेलीच पाहिजे. खालची उदाहरणं 32 बिटच्या छोट्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या एसओसीची (एकाच चिपमधल्या पूर्ण सिस्टिमची) आहेत.

रॅम कोरी आहे असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्हेरिलेटर दोनच अवस्था मानतो, 0 आणि 1. वेगळं काही सांगितलं नाही तर रजिस्टर आणि मेमरी शून्यापासून सुरू होतात. त्यामुळे स्टार्टअप कोडमधलं बीएसएस (शून्यापासून सुरू व्हायला हव्यात अशा ग्लोबल व्हेरिएबलची जागा) शून्य करणारं लूप गायब असलं तरी टेस्ट पास होते. शिवाय बरेच टेस्टबेंच (टेस्ट चालवणारा कोड) ईएलएफ फाइल (कंपाइल झालेला प्रोग्राम) थेट रॅममध्ये उतरवतात. मग रॉममधून रॅममध्ये 'डेटा' सेक्शन (सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबल) कॉपी करणारा कोड कधी तपासलाच जात नाही. खऱ्या चिपमध्ये एसरॅम चालू होते तेव्हा तिच्यात काहीही असू शकतं, आणि पहिलंच ग्लोबल व्हेरिएबल चुकीचं वाचलं जातं.

उपाय सोपा आहे. इमेज फक्त रॉममध्ये लोड करा. व्हेरिलेटरला 'एक्स-असाइन' आणि 'एक्स-इनिशियल' हे दोन्ही पर्याय 'युनिक' द्या, रन करताना 'रँड-रीसेट' 2 ठेवा आणि दर रनला सीड (रँडम किमती ठरवणारा आकडा) बदला. इथे एक खाच आहे: सी प्लस प्लसमधल्या मेन फंक्शनने कमांड-लाइनचे आर्ग्युमेंट व्हेरिलेटरला दिले नसतील, किंवा मॉडेल तयार झाल्यावर दिले असतील, तर ही सेटिंग काहीही न सांगता वाया जाते. म्हणून पहिल्या सायकलला रॅममधले दोन-चार शब्द प्रिंट करून पाहा. सगळे शून्य दिसले तर सेटिंग लागू झालेली नाही.

रजिस्टरशी साध्या व्हेरिएबलसारखं वागणं

कुठले इंटरप्ट (प्रोसेसरला लक्ष द्यायला सांगणारे सिग्नल) आलेत हे दाखवणाऱ्या स्टेटस रजिस्टरमध्ये 1 लिहिला की तो बिट साफ होतो, अशी रचना सर्रास असते. त्यावर ड्रायव्हरने 'किंवा-बरोबर' (|=) वापरून बिट 3 लिहिला, की आधी वाचलेले बाकीचे 1 सुद्धा परत लिहिले जातात आणि थांबलेले सगळे इंटरप्ट पुसले जातात. एका वेळी एकच इंटरप्ट येतो तोवर हे कळत नाही. दोन इंटरप्ट एकाच सायकलला आणणारी टेस्ट मुद्दाम लिहा, आणि ड्रायव्हरमध्ये फक्त हवा तो बिट थेट असाइन करा.

सीमधले बिट-फील्डही (शब्दातले ठरावीक बिट नावाने वापरायची सोय) रजिस्टरसाठी टाळा. कंपायलर पूर्ण शब्दाऐवजी एकच बाइट लिहिणारी 'एसबी' सूचना काढू शकतो. आरटीएलने ॲक्सी बसचे राइट-स्ट्रोब (कुठले बाइट लिहायचे ते सांगणारे सिग्नल) पाहिले नाहीत, तर उरलेले तीन बाइट बिघडतात. डिसअसेंब्ली (बायनरीतून परत काढलेली सूचनांची यादी) उघडून स्टोअर किती रुंदीचा आहे ते बघा, वाद लगेच मिटतो. रजिस्टरचे पत्ते आणि बिट हाताने दोन ठिकाणी लिहू नका. सिस्टिम-आरडीएल या रजिस्टरचं वर्णन करणाऱ्या भाषेतल्या एकाच फाइलमधून आरटीएल आणि सीची हेडर फाइल दोन्ही काढा.

पत्त्यांची गफलत

ऑब्जकॉपी या टूलने ईएलएफमधून काढलेल्या हेक्स फाइलमध्ये @ नंतरचा पत्ता साधारणपणे बाइटचा असतो. आरटीएलमधल्या 32 बिटच्या मेमरी ॲरेला मात्र शब्दाचा क्रमांक हवा असतो, म्हणजे आधी मेमरीचा बेस वजा करून मग 4 ने भाग द्यायचा. बाइटचा क्रमही तपासा: मेमरीतला पहिला शब्द डिसअसेंब्लीतल्या पहिल्या सूचनेशी जुळलाच पाहिजे.

डीपीआयमधून (सिस्टिम-व्हेरिलॉग आणि सी जोडणाऱ्या इंटरफेसमधून) पत्ता साध्या 'इंट'ने पाठवला तर हेक्समधला 80000000 हा ऋण ठरतो. सीमध्ये 64 बिट होताना त्याच्या पुढे आठ एफ लागतात. दोन्ही बाजूंना अनसाइन्ड प्रकार ठेवा.

स्पाइकशी फक्त शेवटी तुलना करणं

स्पाइक हा रिस्क-फाइव्हचा सॉफ्टवेअर सिम्युलेटर; आरटीएलचे निकाल त्याच्याशी ताडून पाहतात. पण शेवटचा निकाल जुळला म्हणून मधलं सगळं बरोबर होतं असं नाही. प्रत्येक रिटायर (पूर्ण) झालेल्या सूचनेला पीसी (सूचनेचा पत्ता), डेस्टिनेशन रजिस्टर आणि मेमरीतलं लिखाण जुळवा. आरव्हीएफआय हा आरटीएलमधून ही माहिती बाहेर देणारा इंटरफेस त्यासाठीच आहे. मात्र इंटरप्ट नेमक्या कुठल्या सूचनेवर आला, एम-सायकल या सायकल मोजणाऱ्या रजिस्टरची किंमत किती आणि पेरिफेरलमधून काय वाचलं गेलं, हे आरटीएलकडून घेऊन स्पाइकला द्यावं लागतं. नाही दिलं तर खोट्या तफावतींचा ढीग पडतो, मग कुणीतरी कंटाळून तुलनाच बंद करतं आणि खरे बग निसटतात.

प्रिंटमध्ये वेळ घालवणं

प्रिंट सिरियल पोर्टवर जातं तेव्हा 50 मेगाहर्ट्झ क्लॉक आणि 115200 बॉड (सेकंदाला बिट) म्हणजे एका बिटला 434 सायकल, एका अक्षराला (10 बिट) 4,340. चाळीस अक्षरांची ओळ 1,73,600 सायकल खाते. सिम्युलेशन सेकंदाला 20,000 सायकलने चालत असेल, तर एका ओळीला जवळपास 9 सेकंद लागतात. यासाठी सिम्युलेशनचं वेगळं बायनरी बनवू नका, कारण मग चिपवर जाणारा कोड तपासलाच जात नाही. डिव्हायडर (एका बिटला किती सायकल ते ठरवणारा आकडा) रजिस्टरमधून वाचा आणि टेस्टबेंचमध्ये तो लहान ठेवा. खऱ्या डिव्हायडरची एक वेगळी टेस्ट पुरे.

सिस्टिम-सीच्या टीएलएम मॉडेलमध्ये (अख्ख्या ट्रान्झॅक्शनच्या पातळीवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये) क्वांटम, म्हणजे बाकीच्यांची वाट न पाहता पुढे जायची मुभा, 1 मिलिसेकंद असेल, तर 100 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर एका दमात 1,00,000 सायकल पुढे पळतो आणि इंटरप्ट त्याला उशिरा दिसतो. टाइमआउटचे विचित्र बग दिसले तर क्वांटम 1 मायक्रोसेकंद करून परत चालवा. पॅलेडियम, झेबू किंवा व्हेलोससारख्या हार्डवेअर एम्युलेटरवर होस्ट संगणकाशी दर सायकलला बोलणारा टेस्टबेंच ठेवला, तर यंत्राचा वेग वाया जातो. अख्खी ट्रान्झॅक्शन एकदम पाठवा.

एफपीजीएवर चाललं म्हणून रीसेट बरोबर मानणं

एफपीजीए म्हणजे आतली जोडणी बदलता येणारी चिप. तिच्यात बिटस्ट्रीम (त्या जोडणीची फाइल) लोड होताना ब्लॉक रॅम आणि फ्लिप-फ्लॉपना सुरुवातीच्या किमती मिळतात. एसिकमध्ये (कायमच्या रचनेच्या चिपमध्ये) ही सोय नसते. म्हणून बोर्डवर बिटस्ट्रीम पुन्हा लोड न करता फक्त रीसेटचं बटण दाबा: एकदा बूट झाल्यावर, एकदा डीएमए (प्रोसेसरशिवाय होणारी डेटाची ने-आण) चालू असताना आणि एकदा इंटरप्ट हँडलरच्या आत असताना. रॅममध्ये तेव्हा मागच्या रनचा डेटा पडलेला असतो, त्यामुळे 'डेटा' कॉपी करायला विसरलेला कोड दुसऱ्या बूटला सापडतो. डीएमएच्या वेळी बस अडकली, तर रीसेट एका ब्लॉकपर्यंत पोचलेला नाही का, ते आधी तपासा.