कॅटल स्टेशनवर कामाला जाताय? आधी पाण्याचं काम शिका

2024 पासून भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (सबक्लास 462) मिळू लागला. वय 18 ते 30, वर्षाला 1,000 जागा, निवड सोडतीने. तेव्हापासून कॅटल स्टेशनवर, म्हणजे तिथल्या गुरं वाढवायच्या अवाढव्य फार्मवर, काम करायची इच्छा असलेली बरीच मराठी मुलंमुली मला एकच प्रश्न विचारतात: घोड्यावर बसता येत नाही, चालेल का?

चालेल. पहिल्या हंगामात नवख्याच्या वाट्याला घोडा कमी आणि पाण्याचे हौद जास्त येतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचं कामही तेच.

मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, नॉर्दर्न टेरिटरीत, बार्कलीच्या पठारावर काम केलं. आपल्या देशावरच्यासारखीच भेगाळणारी काळी माती, वर मिचेल गवत, आणि नजर पोचेल तिथवर झाड नाही. नद्या-ओढे वर्षातला बराच काळ कोरडे असतात. जनावरं जगतात ती बोअरच्या पाण्यावर. उन्हाळ्यात मोठी दुभती गाय दिवसाला सहज 60-70 लिटर पाणी पिते. हौद आटला आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, तर थेट जनावरं मरतात. म्हणून रोज कुणीतरी गाडी घेऊन बोअरमागून बोअर तपासत फिरतं. याला तिथे ‘बोअर रन’ म्हणतात.

हौदापाशी पोचलात की लगेच खाली उतरू नका. आधी गुरांकडे बघा. ती लांबवर बसून रवंथ करत असतील तर बहुधा सगळं ठीक आहे. हौदाभोवती दाटी, एकमेकींना ढुसण्या, कडा चाटणं, हंबरणं चाललं असेल तर पाणी थांबलंय. मग क्रमाने बघायचं: फ्लोट (हौद भरला की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) अडकलाय का, पाइप कुणी तुडवलाय का, वरच्या टाकीत पाणी किती, पंप चालू आहे का. हौदात मेलेला पक्षी असेल तर काढायचा, शेवाळ घासायचं, आणि दिसलं ते वायरलेसवर कळवायचं. जाताना फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. दोन कळप एकमेकांत मिसळले तर सगळ्यांची दिवसभराची मेहनत वाया जाते.

गुरं गोळा करायचं काम, म्हणजे मस्टरिंग, तिथला पावसाळा संपल्यावर एप्रिलच्या सुमारास सुरू होतं. वर हेलिकॉप्टर, खाली मोटरसायकली आणि घोडे. तुमचं खरं शिक्षण मात्र यार्डात, म्हणजे गुरं कोंडायच्या आवारात, होतं. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं. त्याच्या आत पाऊल टाकलं की ते हलतं, मागे सरलात की थांबतं. खांद्याच्या मागच्या बाजूला उभे राहिलात तर पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात तर मागे वळतं. हे एकदा अंगवळणी पडलं की ओरडायची, काठी उगारायची गरजच उरत नाही. बरेच नवखे आवाज फार करतात आणि हलतातही फार. दोन्ही टाळा.

उत्तरेकडची बहुतेक गुरं ब्राह्मन किंवा त्या रक्ताची. वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, लांब कान. बघताक्षणी ओळखीची वाटतात आणि ती ओळख खरीच आहे. ही जात अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या सांगली-बेळगावकडच्या कृष्णा खोऱ्याच्या गुरांपासून तयार झाली. 1933 मध्ये ती क्वीन्सलँडला आणली गेली, कारण ऊन आणि गोचीड दोन्ही ती सोसते. अशा गुरांशी शांतपणे वागलात तर ती फार लवकर माणसाळतात. छळलेलं मात्र लक्षात ठेवतात.

आता अवघड भाग. वासरांना डाग देणं, कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला मारणं, शिंगं काढणं, खच्चीकरण, हे सगळं ओळीने चालतं आणि तुम्हाला त्यात हात घालावा लागतो. रक्त, धूर, धूळ, आयांचं हंबरणं. ही गुरं मांसासाठीच वाढवलेली असतात. बरीच डार्विनच्या बंदरातून इंडोनेशियाला जिवंत पाठवली जातात. स्टेशनवर खायला रोज बीफ असतं आणि त्यासाठी जनावर तिथेच कापलं जातं. तुमच्या श्रद्धेला हे मानवणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण तो निर्णय घरीच घ्या. गाय पूजणाऱ्या घरातून गेल्यामुळे मला हा प्रश्न जड गेला, आणि आजही तो माझ्यापुरता पूर्ण सुटलेला नाही. शाकाहारी असाल तर फोनवरच्या मुलाखतीतच सांगा. स्वयंपाकी सोय करतात, पण सामानाची गाडी रोज येत नाही.

दवाखाना शेकडो किलोमीटर लांब. 1928 पासून चालू असलेली फ्लाइंग डॉक्टर सेवा, म्हणजे विमानाने येणारे डॉक्टर, हाच आधार. स्टेशनवर त्यांची औषधाची पेटी असते, प्रत्येक औषधावर क्रमांक, आणि डॉक्टर फोनवर ‘अमुक नंबरचं द्या’ असं सांगतात. पेटी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. पाणी शोधायला चालत निघणं हा तिथे जिवाशी खेळ आहे.

कामाच्या शोधाला जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. होकार देण्याआधी पगार तासावर की आठवड्यावर, राहण्या-जेवणाचे पैसे कापणार का, सुट्टी कधी, हे लेखी मागा. तीन महिन्यांचं असं काम दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी धरलं जातं, म्हणून प्रत्येक पगारपावती जपून ठेवा. आणि परतीचा बेत पहिल्या मोठ्या पावसाआधीचा ठेवा. काळी माती भिजली की त्या रस्त्यांवरून कुठलीच गाडी निघत नाही.