उतारावरची परसबाग: आधी पाण्याची वाट, मग बांध, मग झाडं

जोराचा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन मागच्या उतारावर जा. पाणी कुठून आत येतं, कुठे वेग घेतं आणि कुठे साचतं, तिथे तिथे खुणेच्या काठ्या रोवून ठेवा. पुढचा सगळा आराखडा या काठ्यांवरून ठरतो. उतारावरचे बहुतेक बांध मातीच्या वजनाने ढासळत नाहीत. मागे अडकलेलं पाणी त्यांना ढकलून देतं. बांधामागे 1 मीटर पाणी तुंबलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1 टन दाब येतो.

मग उतार मोजा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी यासाठी उत्तम. नळी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, एका बुडबुड्यानेही माप चुकतं. वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक काठी उभी करा, दोन्हींवर पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि वजाबाकी करा. आडवं अंतर जमिनीला लागून मोजू नका, समपातळीत ताणलेल्या दोरीवर मोजा. 5 मीटरमध्ये जमीन 1 मीटर खाली जात असेल, तर उतार 20 टक्के.

10 टक्क्यांपर्यंत बांधाची गरज नसते. आडव्या सऱ्या आणि दाट लागवड पुरते. 33 टक्क्यांच्या वर हिरवळ लावू नये, कारण तिथे गवत कापण्याचं यंत्र सुरक्षितपणे चालवता येत नाही. 50 टक्क्यांच्या वर किंवा 1 मीटरपेक्षा उंच बांध घालायचा असेल, तर स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका. जमिनीखालून जाणाऱ्या वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या लाइनी कुठे आहेत, तेही आधीच पाहून घ्या.

वरचं पाणी वळवा

उताराच्या माथ्यावर 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चर काढा आणि त्याला बाजूकडे मीटरमागे 1 सेंमी ढाळ द्या. ढाळ याच्या दुपटीहून जास्त झाला की पाणी चराचाच तळ खरवडू लागतं. जिथे पाणी बाहेर पडतं तिथे मोठे दगड पसरा, आणि ते तोंड शेजाऱ्याच्या जमिनीकडे वळवू नका. घर उताराच्या पायथ्याशी असेल, तर भिंतीपासून पहिल्या 3 मीटरमध्ये जमीन उलट, म्हणजे घराकडून बाहेर, 15 सेंमी उतरती हवी.

बांध किती आणि केवढे

समजा एकूण उतार 1.8 मीटर आहे. त्यासाठी 90 सेंमीचे दोन बांध घालता येतील किंवा 60 सेंमीचे तीन. तीनच घाला. बांधावरचा मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची दीडपट झाली की रेटा सव्वादोनपट होतो. दोन बांधांमधलं अंतर खालच्या बांधाच्या उंचीच्या निदान दुप्पट ठेवा, म्हणजे इथे 1.2 मीटर. त्याहून जवळ आणले, तर वरच्याचा भार खालच्यावर येतो आणि खालच्याला पोट सुटतं.

काम सर्वांत खालच्या बांधापासून सुरू करा. 60 सेंमी उंच, 6 मीटर लांब कोरड्या (सिमेंटशिवाय रचलेल्या) दगडी बांधासाठी 70 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चर खणा. तळाशी बारीक चुरी मिसळलेली खडी टाका आणि धुमसून तिचा 15 सेंमीचा पक्का थर करा. त्यावरचा दगडांचा पहिला थर पूर्ण जमिनीखाली राहिला पाहिजे, नाहीतर बांध पायातून सरकतो. तळाची जाडी 40 सेंमी ठेवा आणि दर्शनी बाजू दर 30 सेंमी उंचीला 5 सेंमी मागे झुकवा. एवढ्या बांधाला साधारण 3 टन दगड, पायासाठी पाऊण घनमीटर आणि पाठीमागे भरायला सव्वा घनमीटर खडी लागते.

दगडाची लांब बाजू आत, मातीकडे जाऊ द्या. दर्शनी भाग मोठा दिसावा म्हणून लोक दगड लांबीने आडवा लावतात. मग भिंत सुंदर दिसते पण तिला मागे पकड राहत नाही. प्रत्येक सांधा वरच्या दगडाने झाकला गेला पाहिजे, आणि दर मीटरला एक दगड आरपार जाणारा हवा. डुगडुगणाऱ्या दगडाला चिपा मागून ठोका. पुढून ठोकलेल्या चिपा कालांतराने गळून पडतात.

पाठीमागे, तळाशी, 100 मिमीचा छिद्रांचा पाइप छिद्रं खाली करून ठेवा. त्याला मीटरमागे 1 सेंमी ढाळ द्या आणि टोक उघड्यावर काढा. त्यावर 30 सेंमी जाडीची, चुरी नसलेली 20 मिमी खडी भरत या. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड हवंच. ते नसेल तर माती खडीत शिरून पाण्याची वाट बुजते. माती 15 सेंमीच्या थरांत भरून प्रत्येक थर धुमसा. चिकणमाती थेट बांधाला लावू नका, ती ओली झाली की फुगते. सर्वांत वर 15 सेंमी सुपीक माती. म्हणूनच खणताना वरची काळी माती वेगळी रचून ठेवायची. जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती मात्र भराव टाकू नका, मुळांना हवा मिळत नाही.

पायऱ्या

चढाची (एका पायरीच्या उंचीची) दुप्पट अधिक पावठणीची (पाय ठेवायच्या जागेची) रुंदी मिळून 60 ते 65 सेंमी भरली की पाय सहज पडतो. 15 सेंमी चढ आणि 35 सेंमी पावठणी घेतली, तर 1.8 मीटरला 12 चढ लागतात. सगळे चढ काटेकोर सारखे ठेवा, दोन सेंमीच्या फरकानेही माणूस अडखळतो. पावठणीला पुढे किंचित ढाळ दिला की पाणी साचत नाही.

लागवड

बांध न घातलेल्या उतारावर आधी तागाची जाळी अंथरा. वरचं टोक छोट्या चरात पुरा, वरची पट्टी खालच्या पट्टीवर 15 सेंमी चढवा आणि जाळी मातीला घट्ट चिकटेल अशा खुंट्या मारा. जाळी अधांतरी राहिली तर पाणी तिच्याखालूनच ओघळ पाडतं. जाळीचे धागे कापून रोपं तिरप्या रांगांत लावा, म्हणजे वरच्या दोन रोपांमधून सुटलेलं पाणी खालच्या रोपाशी अडतं. प्रत्येकाच्या खालच्या अंगाला मातीची अर्धगोल कड करा. माती धरून ठेवायला वाळ्यासारखं गवत फार उपयोगी: समपातळीच्या ओळीत 10 ते 15 सेंमीवर ठोंब लावले की त्यांची भिंतच तयार होते. आच्छादनाला सालीचे गोल तुकडे नकोत, ते पावसात वाहून जातात. तंतुमय, एकमेकांत गुंतणारा पालापाचोळा टिकतो. ठिबकच्या नळ्या उतारावरून खाली न सोडता आडव्या टाका आणि दाब सांभाळणारे ड्रिपर घ्या, नाहीतर वरची झाडं तहानेली आणि खालची चिखलात राहतात.

पहिल्या मोठ्या पावसात पाइपच्या टोकाशी जाऊन पाहा. थोडं स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर कापड कुठेतरी फाटलं आहे. पाऊस मुरूनही काहीच येत नसेल, तर पाइप चोंदला आहे का ते तपासा. वर्षातून एकदा बांधाच्या तोंडाशी दोरी ताणा. कुठे फुगवटा दिसला तर तेवढाच भाग उतरवून, मागची खडी धुऊन, पुन्हा रचा.