आजीची पतुआ बोली रेकॉर्ड कशी करायची

आजी मकाऊची मकानीज (चीनच्या किनाऱ्यावरच्या या जुन्या पोर्तुगीज वसाहतीतल्या पोर्तुगीज-आशियाई मिश्र समाजातली) असेल तर आधी तिची पतुआ, म्हणजे त्या समाजाची पोर्तुगीजवर आधारलेली मिश्र बोली, रेकॉर्ड करा, घराण्याची कागदपत्रं नंतरही शोधता येतील, पण ही भाषा युनेस्कोने २००९ मध्येच अगदी मरणपंथाला लागलेली म्हणून नोंदवलीय. मुलाखत वगैरे नको. ती मिंची (मकानीज खिम्याचा पदार्थ) करत असताना तिला विचारून फोन बाजूला चालू ठेवा, खिमा परतता परतता ती पोर्तुगीजमधून कँटोनीजमध्ये (तिथल्या चिनी भाषेत) कशी शिरते ते आपोआप येतं आणि तेच खरं सोनं आहे. नंतर ऐकताना व्याकरण टिपा, 'काझा-काझा' म्हणजे अनेक घरं, क्रियापद बदलत नाही, त्याच्या आधी 'जा' (पोर्तुगीज 'já') हा शब्द लागला की भूतकाळ. अडलात तर 'दोसी पापियासां दि मकाऊ' या ग्रुपची नाटकं बघा, १९९३ पासून करतायत. नातेवाइकांची पोर्तुगीज आणि चिनी दोन्ही नावं लिहून घ्या, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत बहुतेक पोर्तुगीज नावच लागतं.