घरी एनिमा घेताना: डब्याची उंची, पाणी, मीठ आणि कुठे थांबायचे

वर्षानुवर्षांचा मळ आतड्याच्या भिंतींना चिकटून बसतो आणि तो धुऊन काढावा लागतो, ही समजूत खोटी आहे. मोठ्या आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होत राहते आणि मळ ते स्वतःच पुढे ढकलते. घरच्या एनिम्याचे, म्हणजे गुदद्वारातून आतड्यात पाणी सोडण्याचे, काम एवढेच: दोन-तीन दिवस पोट साफ झालेले नाही, मळ खाली येऊन अडला आहे आणि डॉक्टरांनी 'घ्यायला हरकत नाही' असे सांगितले आहे.

पोटात जोराचे दुखत असेल, ताप किंवा उलट्या असतील, पोट फुगून वायूही सरत नसेल, तर एनिमा घ्यायचाच नाही. अपेंडिक्सची सूज किंवा आतड्यात अडथळा असला तर एनिमा जिवावर बेतू शकतो. रक्त पडणारी मूळव्याध, फिशर (गुदद्वाराची चीर), आतड्याची सूज, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, यांतले काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लहान मुलांना घरच्या घरी देऊ नये.

साहित्य साधे आहे. खुणा असलेला १ लिटरचा डबा (एनिमा पॉट), सव्वा ते दीड मीटर रबरी नळी, पाणी बंद करायचा चाप किंवा तोटी, आणि टोकाला बसणारा मऊ रबरी कॅथेटर (आत सरकवायची बारीक नळी). डब्याबरोबर बहुधा कडक प्लास्टिकचे नोझल मिळते. ते नुसते वापरू नये, त्याच्या कडेने आतली त्वचा खरवडते. त्यावर कॅथेटर चढवावा. रबराची ॲलर्जी असेल तर सिलिकॉनचा मागावा. वर्षभर कपाटात पडलेली नळी वाकवून पाहा. बारीक तडे दिसले तर फेकून द्या.

पाणी उकळून गार केलेले, ३७ अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवा: ना गार, ना गरम वाटले पाहिजे. गार पाण्याने मुरडा येतो, गरम पाण्याने आतडे भाजते आणि ते आत लगेच कळतही नाही. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम साधे बारीक मीठ, म्हणजे ५ मिलिच्या मापाचे दीड चमचे सपाट. पहिल्यांदा अर्धा लिटरच घ्या, म्हणजे मीठ पाऊण चमचा. नुसते पाणी वारंवार घेतले तर ते आतड्यातून रक्तात शोषले जाते आणि शरीरातले सोडियम घसरू शकते. साबण, लिंबूरस, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, कॉफी यांतले काहीही मिसळू नका. त्यांनी आतड्याला जखम आणि सूज आल्याच्या नोंदी आहेत. घरी केलेला काढाही नको. आयुर्वेदातली बस्ती (काढ्याचा किंवा तेलाचा एनिमा) वैद्याने प्रकृती आणि मात्रा पाहून द्यायची असते.

सर्वांत जास्त चूक उंचीत होते. लोक डबा बाथरूममधल्या टॉवेलच्या हुकाला, म्हणजे पाच फुटांवर अडकवतात आणि स्वतः खाली झोपतात. उंची जितकी जास्त तितका दाब जास्त. मग पाणी धो धो आत शिरते, मुरडा येतो आणि अर्धे लगेच बाहेर. डब्याचा तळ गुदद्वारापासून एक ते दीड फूट वर असला की पुरे, बसायचे प्लास्टिकचे स्टूल त्या उंचीचे असते.

प्लास्टिकवर जुना टॉवेल अंथरून डाव्या कुशीवर झोपा, उजवा गुडघा पोटाकडे घ्या. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असल्याने पाणी या स्थितीत सहज जाते. आधी चाप सोडून नळीतली हवा बाहेर काढा, पाणी सलग येऊ लागले की बंद करा. केमिस्टकडची पाण्यात विरघळणारी जेली कॅथेटरच्या टोकाला लावा (तेलाने आणि व्हॅसलीनने रबर सैल पडते). शौचाला जोर लावतो तसा हलका जोर लावत कॅथेटर बेंबीच्या दिशेने तीन ते चार इंच सरकवा. अडला तर ढकलू नका. थोडे पाणी सोडा, थोडा मागे घ्या, पुन्हा प्रयत्न करा. तरी अडत असेल किंवा दुखत असेल, तर तिथेच थांबा.

चाप अर्धाच उघडा. अर्ध्या लिटरला ५ ते १० मिनिटे लागली पाहिजेत. मुरडा आला की चाप बंद, तोंडाने श्वास, मुरडा गेल्यावर पुन्हा सुरू. पाणी जातच नसेल तर नळी कुठे मुडपली आहे का पाहा, नाही तर कॅथेटरच्या छिद्रात मळ अडकलेला असतो. डबा रिकामा होण्याआधी चाप लावा, म्हणजे हवा जाणार नाही. मग कॅथेटर काढून पाणी ५ ते १० मिनिटे आत धरून ठेवा. आतडे ताणले गेल्याने काहींना घेरी येते. म्हणून दाराला आतून कडी लावू नका, घरात कुणी तरी असू द्या.

पाणी बाहेर आले नाही तरी लगेच दुसरा डबा घेऊ नका. फुगवटा वाढला, रक्त आले, पोट कडक झाले, ताप भरला किंवा भोवळ थांबेना, तर १०८ ला फोन करा. केमिस्टकडची फॉस्फेट एनिम्याची तयार बाटली २४ तासांत एकापेक्षा जास्त घेऊ नये. वयस्कर माणसांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय टाळावी.

ऑनलाइन मिळणारे बोर्ड, कमोडवर आडवे पडून बादलीभर पाणी आतड्यातून फिरवायचे, ते घरी वापरू नयेत. जेट स्प्रेचा पाइप किंवा नळ आत लावणे तर कधीच नको. त्या दाबाने आतडे फाटू शकते.

वापरल्यावर डबा आणि नळी साबणाच्या पाण्याने धुवा, नळीतून भरपूर स्वच्छ पाणी सोडा आणि उलटी टांगून पूर्ण वाळवा. कॅथेटर एका माणसाचा एकालाच. महिन्यात पुन्हा पुन्हा गरज पडत असेल, तर इसबगोल भरपूर पाण्यासोबत सुरू करा आणि बद्धकोष्ठतेचे कारण तपासून घ्या: थायरॉइड, लोहाच्या गोळ्या आणि काही वेदनाशामक औषधे ही त्यामागे वरचेवर सापडतात.